आरबीबीपी४: हिस्टोन धरणारे प्रथिन आणि त्याच्यावर लादलेली 'स्मरणशक्तीचे जनुक' ही ओळख

शमी (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'स्मरणशक्तीचे जनुक सापडले' असा संदेश आला आणि त्याखाली लगेच एका काकूंनी विचारले की याची गोळी कुठे मिळते. संदेशात आरबीएपी४८ असे प्रथिनाचे नाव होते; आरबीबीपी४ हे त्याच प्रथिनाचे आणि त्याच्या जनुकाचे दुसरे नाव. तो ज्या संशोधनावर बेतलेला आहे ते २०१३ सालचे आहे आणि चांगले आहे. पण या प्रथिनाची ओळख केवळ तेवढ्यावर करून देणे मला फार खटकले, कारण पेशीच्या केंद्रकात इतक्या ठिकाणी इतक्या निमूटपणे राबणारी प्रथिने थोडी आहेत. मी क्रोमॅटिनवर, म्हणजे डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी प्रथिने यांच्या गुंत्यावर, काम करते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माणसाच्या एका पेशीतील डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो काही मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात मावलेला असतो. तो मावतो हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ यांचे प्रत्येकी दोन रेणू एकत्र येऊन आठांचा एक गड्डा बनतो, त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) पावणेदोनपेक्षा थोडे कमी वेढे घेतात, आणि या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात. दोरा रिळावर गुंडाळावा तसे हे आहे असे नेहमी सांगितले जाते. मात्र दोऱ्याचे रीळ कारखान्यात तयार होऊन येते, तर इथे रिळाचे चार सुटे भाग पेशीत वेगवेगळे तयार होतात, त्यांना वाटेत कुणीतरी सांभाळावे लागते आणि दोरा दुप्पट होत असतानाच नवी रिळे त्यात बसवावी लागतात. आरबीबीपी४ हे जनुक ज्या प्रथिनाची कृती बाळगते, त्या प्रथिनाचे काम इथून सुरू होते.

हे जनुक पहिल्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. प्रथिन ४२५ अ‍ॅमिनो आम्लांचे आहे. त्याचे जुळे म्हणावे असे आरबीबीपी७ हे प्रथिन एक्स गुणसूत्रावरील जनुकातून बनते, तेही ४२५ अ‍ॅमिनो आम्लांचेच आहे, आणि दोघांच्या क्रमात सुमारे ९० टक्के साम्य आहे.

नावाची कथा अशी आहे. दृष्टिपटलाचा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग लहान मुलांना होतो आणि त्याच्या मुळाशी असलेले आरबी१ जनुक १९८० च्या दशकात हाती आले. त्या जनुकाचे प्रथिन पेशीविभाजनाला लगाम घालते, तेव्हा ते आणखी कोणाकोणाला चिकटते याचा शोध सुरू झाला. १९९३ मध्ये वेन-ह्वा ली यांच्या गटाने असे एक चिकटणारे प्रथिन 'नेचर' या नियतकालिकात जाहीर केले, आणि आरबीला बांधले जाणारे, सुमारे ४८ किलोडाल्टन वजनाचे, म्हणून त्याचे नाव आरबीएपी४८ पडले. यीस्टमधील एमएसआय१ या प्रथिनाशी त्याचे साम्य दिसले, आणि एमएसआय१ तेव्हा रास या पेशीच्या वाढीशी निगडित संदेशमार्गाला आवर घालणारे प्रथिन म्हणून माहीत होते. म्हणजे जन्मतःच या प्रथिनाच्या कपाळावर दोन पट्ट्या लागल्या, एक कर्करोगाची आणि एक रासची. हिस्टोनचा उल्लेख दोन्हींत नव्हता.

तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, हेच प्रथिन दोन अगदी वेगळ्या वाटांनी पुन्हा समोर आले. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे ब्रूस स्टिलमन यांचा गट सीएएफ-१ नावाच्या संकुलावर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या प्रथिनांच्या गटावर, काम करत होता. डीएनएची नक्कल होत असताना मागोमाग नवे न्यूक्लिओसोम बसवणारे हे संकुल तीन प्रथिनांचे असते, आणि त्यातले सर्वांत लहान प्रथिन म्हणजे आरबीएपी४८ निघाले. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने ट्रॅपॉक्सिन या बुरशीजन्य रेणूचा गळ टाकून हिस्टोनवरील अ‍ॅसिटिल गट (जनुक चालू राहायला मदत करणारी रासायनिक खूण) काढून टाकणारे विकर (एन्झाइम) पकडले, आणि त्या एचडीएसी१ विकरासोबत गळाला लागले तेही आरबीएपी४८ च. एक संकुल हिस्टोन बसवणारे, दुसरे हिस्टोनवरची खूण पुसणारे, आणि दोघांत समान असलेल्या या प्रथिनाला स्वतःची कोणतीही विकरक्रिया नाही.

पुढे ही यादी वाढतच गेली. न्यूआरडी आणि सिन३ ही जनुके मिटवणारी, म्हणजे बंद ठेवणारी, संकुले, एच३ च्या २७व्या लायसिनवर (लायसिन हे एक अ‍ॅमिनो आम्ल) मिथिल गट ही दुसरी खूण लावणारे पीआरसी२, न्यूक्लिओसोम सरकवणारे एनयूआरएफ आणि पेशीचक्रातील जनुकांवर बसणारे मव्हबी, या सर्वांत आरबीबीपी४ किंवा त्याचे जुळे सापडते. लोहाराच्या भात्याजवळ सांडशी असते, ती स्वतः लोखंडाला आकार देत नाही, पण ती नसेल तर हातोडा कशावर मारायचा? मला हे प्रथिन त्या सांडशीसारखे वाटते. म्हणूनच 'हे जनुक अमुक गोष्टीचे' असे म्हणण्याला माझा विरोध आहे. ते हिस्टोन धरण्याचे जनुक आहे, आणि हिस्टोन धरल्याने पुढे काय घडते हे शेजारी कोणते संकुल उभे आहे त्यावर ठरते.

पाणवठा

लेख आवडला. सांडशीची उपमा पटते, पण एक शंका राहते. इतक्या वेगवेगळ्या संकुलांत एकच प्रथिन बसत असेल, तर ते प्रत्येक ठिकाणी हिस्टोनचा तोच भाग धरते का? धरण्याची जागा एकच असेल, तर संकुलातील इतर प्रथिनांना चिकटायला जागा कोणती उरते?

तसेच 'विकर' हा शब्द वापरल्याबद्दल आभार. शाळेत आम्ही तोच शिकलो होतो.

गव्हाळ

पाणवठा, तुमच्या शंकेचे उत्तर प्रथिनाच्या आकारात आहे. मी स्फटिकरचनांवर (प्रथिनांचे स्फटिक करून त्यांचा आकार शोधण्यावर) काम केले आहे, म्हणून थोडे मी सांगतो, शमी यांची हरकत नसावी.

जत्रेत मिळणारे कागदी भिरभिरे डोळ्यांसमोर आणा. या प्रथिनाच्या साखळीत डब्ल्यूडी४० नावाचा नमुना पुनःपुन्हा येतो आणि त्यातून सात पात्यांचे वर्तुळाकार भिरभिरे तयार होते. अशा भिरभिऱ्याला दोन तोंडे असतात आणि एक कड असते. २००८ मध्ये केंब्रिजच्या अर्नेस्ट लाऊ यांच्या गटाने आरबीएपी४६, म्हणजे आरबीबीपी७, आणि एच४ चा तुकडा यांची एकत्रित रचना प्रसिद्ध केली. एच४ तिथे तोंडावर बसलेला नसून कडेला, प्रथिनाच्या सुरुवातीच्या लांब सर्पिलाकृती भागाच्या आणि एका बाहेर आलेल्या वळशाच्या मधल्या खोबणीत बसलेला दिसला. त्याच वर्षी फळमाशीतील समकक्ष प्रथिनाच्या रचनेतही हेच आढळले. एच३ ची शेपटी मात्र वेगळ्या जागी, भिरभिऱ्याच्या तोंडावर, मधल्या छिद्राजवळ धरली जाते. न्यूआरडीला बोलावून घेणारे एफओजी१ हे प्रथिनही याच तोंडावर बसते, म्हणजे या जागेसाठी चढाओढ होऊ शकते.

आता खरी मौज पुढे आहे. एच४ चा जो सर्पिल भाग कडेच्या खोबणीत अडकतो, तो तयार न्यूक्लिओसोममध्ये आत दडलेला असतो. त्यामुळे ही पकड सुट्या एच३-एच४ जोडीवरच बसू शकते, गुंडाळून झालेल्या रिळावर नाही. एच३ ची शेपटी न्यूक्लिओसोममधूनही बाहेर लोंबत असते, त्यामुळे तोंडावरची पकड रिळ तयार झाल्यानंतरही चालते. बांधणीची कामे करणारी संकुले आणि खुणा लावणारी किंवा पुसणारी संकुले एकाच प्रथिनाला कसे वापरून घेतात, याचे मोठे उत्तर या दोन पकडींमध्ये आहे.

सांडशीच्या उपमेत मी एक दुरुस्ती सुचवीन. सांडशी लोखंडाचा आकार बदलत नाही. हे प्रथिन मात्र एच४ ला धरताना त्या भागाची मूळ घडी सोडवते. २०१३ मध्ये याच केंब्रिज गटाने दाखवले की आरबीएपी४८ च्या पकडीत असलेली एच३-एच४ जोडी लवचीक होते आणि तिथून ती एएसएफ१ या दुसऱ्या वाहक प्रथिनाकडे सोपवता येते. धरणे आणि किंचित उकलणे या दोन्ही क्रिया एकत्र घडतात.

शमी

गव्हाळ, अगदी योग्य दुरुस्ती. सांडशी म्हणताना 'फक्त धरणारी' असा अर्थ निघतो, तो सोडून देते.

मोगरा७१

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, बँकेतून निवृत्त झाले आहे. पण हा धागा शब्दन् शब्द वाचला, कारण माझी आई ७६ वर्षांची आहे. जुन्या गोष्टी तिला तपशिलासह आठवतात, पाहुण्यांची नावे आठवतात, परंतु रक्तदाबाची गोळी आज घेतली की ती कालची आठवण आहे, याचा गोंधळ होतो. घरात सगळे लगेच अल्झायमरचे नाव घेतात आणि ती घाबरते. शमी, तो २०१३ चा अभ्यास नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कृपया लिहाल का?

शमी

मोगराताई, तुमच्या आईंविषयी लिहिलेत म्हणून जरा सावकाश लिहिते.

हा अभ्यास कोलंबिया विद्यापीठातील एरिक कँडेल आणि स्कॉट स्मॉल यांच्या गटांचा आहे आणि तो ऑगस्ट २०१३ मध्ये 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन' मध्ये आला. स्मृतीच्या रेणवीय आधारावरील कामासाठी कँडेल यांना २००० सालचे नोबेल मिळालेले होते. त्यांच्यासमोरचा प्रश्न तुमच्या घरातलाच होता: वयोमानाने होणारे विस्मरण हा अल्झायमरचा पहिला टप्पा आहे, की ती वेगळीच गोष्ट आहे?

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे आणि त्याची वाट एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधून जाते. अल्झायमरचा घाव सर्वांत आधी या वाटेवर पडतो. वाढत्या वयाचा परिणाम मात्र हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या उपभागावर अधिक दिसतो, असे स्मॉल यांच्या आधीच्या कामातून पुढे आले होते. म्हणून संशोधकांनी मेंदूचा कोणताही आजार नसलेल्या, ३३ ते ८८ या वयांत मृत्यू पावलेल्या ८ व्यक्तींच्या मेंदूंतून दोन्ही भागांचे नमुने घेतले. डेंटेट जायरसमध्ये वयानुसार बदलणारी, पण शेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये तशी न बदलणारी जनुके त्यांनी शोधली. अशी १७ जनुके मिळाली आणि त्यांत सर्वांत ठळक घट आरबीएपी४८ ची होती.

माणसाविषयीचा पुरावा इथे थांबतो. ८ मेंदू ही संख्या लहान आहे, आणि वयाबरोबर एखादे प्रथिन घटले म्हणजे विस्मरण त्यामुळेच होते, असे त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून पुढचा भाग उंदरांवर केला गेला. तरुण उंदरांच्या पुढच्या मेंदूत या प्रथिनाच्या कामात अडथळा आणणारे रूप घातले, तेव्हा ते नव्या वस्तू ओळखण्याच्या आणि पाण्यातील भूलभुलैयाच्या चाचण्यांत वृद्ध उंदरांसारखे वागू लागले. तो अडथळा बंद केल्यावर त्यांची स्मृती पूर्ववत झाली. उलट, १५ महिन्यांच्या वयस्क उंदरांच्या डेंटेट जायरसमध्ये विषाणूच्या मदतीने हे जनुक जादा पुरवले, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. यंत्रणेचा दुवा हिस्टोनवरील अ‍ॅसिटिल गटांतून जातो, कारण अडथळा आणलेल्या उंदरांत तो गट कमी झाला होता आणि स्मृती पक्की करणाऱ्या सीआरईबी मार्गातील सीबीपी हे विकर आरबीएपी४८ च्या सोबतीने चालते.

डेंटेट जायरसचे एक काम म्हणजे एकमेकींसारख्या आठवणी वेगळ्या ठेवणे. आजची गोळी आणि कालची गोळी यांतला फरक हा त्यातलाच. त्यामुळे तुम्ही वर्णन केलेली गफलत अल्झायमरचीच असते असे नाही. पण ती तशी नाही हे मीही इथून सांगू शकत नाही. ते प्रत्यक्ष तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा, आणि बी१२ जीवनसत्त्व व थायरॉईड यांच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्याही विचारून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेनेही विस्मरण होते आणि त्यावर उपाय आहे. आरबीएपी४८ वाढवणारी गोळी मात्र नाही. ज्या जाहिरातीत हे नाव दिसेल ती कृपया आईंना दाखवू नका.

मोगरा७१

मनापासून आभार. 'सारख्या आठवणी वेगळ्या ठेवणे' हे आईला मी आज तिच्या भाषेत समजावून सांगितले. ती बराच वेळ विचार करत बसली आणि मग म्हणाली, म्हणजे मी विसरत नाही, माझी सरमिसळ होते. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी आणली आहे आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

बांधावरचा

कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. या प्रथिनाचे नातेवाईक वनस्पतींतही आहेत, हे इथे नोंदवणे योग्य होईल. मोहरीच्या कुळातील अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लाडक्या रोपात एमएसआय१ ते एमएसआय५ अशी पाच प्रथिने या घराण्यातील आहेत. त्यांतील एमएसआय४ चे दुसरे नाव एफव्हीई आहे. त्यात दोष असलेली रोपे उशिरा फुलतात, कारण फुलोऱ्याला रोखून धरणारे एफएलसी जनुक एफव्हीईच्या मदतीने मिटवले जाते, आणि ती मदत कमी पडली की फुलोरा अडून राहतो. एमएसआय१ बिघडले तर बीज नीट घडत नाही.

माणसाच्या मेंदूत, यीस्टमध्ये आणि फुलोऱ्यात तेच घराणे दिसते, यावरून शमी यांचा मूळ मुद्दा अधिक बळकट होतो असे मला वाटते. स्मृतीचे जनुक म्हणायचे तर त्याला फुलण्याचे जनुकही म्हणावे लागेल.

गव्हाळ

बांधावरचा यांच्या उदाहरणाशेजारी ठेवावा असा एक प्रयोग आहे. सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीत आरबीबीपी४ चे समकक्ष जनुक लिन-५३ आहे. २०११ मध्ये ऑलिव्हर होबर्ट यांच्या गटाने कृमीच्या जननपेशींमध्ये लिन-५३ चे काम बंद पाडले आणि एका विशिष्ट चेतापेशीची ओळख ठरवणारे सीएचई-१ हे प्रथिन त्या पेशींत तयार करवले. ज्या पेशी अंडी किंवा शुक्राणू व्हायच्या, त्या चेतापेशींचे रूप घेऊ लागल्या. एकट्या सीएचई-१ ने हे घडत नव्हते. पेशीने आपली ओळख धरून ठेवण्यात या प्रथिनाचा हात किती मोठा आहे, हे मला त्या चित्रांइतके कोणत्याही स्फटिकरचनेतून जाणवले नाही.

पाणवठा

मग कर्करोगाचे काय? नावातच रेटिनोब्लास्टोमा आहे, आणि पेशीची ओळख सुटणे हेच तर कर्करोगात घडते. या प्रथिनावर औषध शोधण्याचे प्रयत्न आहेत का?

शमी

नावातील आरबीचा धागा खोटा नाही. २००० च्या सुमारास दाखवले गेले की आरबी प्रथिनाबरोबर जे अ‍ॅसिटिल काढणारे संकुल जाते, त्यात आरबीएपी४८ असते. पण पेशीचक्रातील जनुके बंद ठेवणाऱ्या ड्रीम या संकुलात, जिथे आरबीचा भाऊबंद पी१३० आणि आरबीबीपी४ दोघेही हजर असतात, तिथे पी१३० ला धरणारे प्रथिन लिन५२ हे आहे. नावावरून जी पकड अपेक्षित होती, ती तिथे दुसऱ्याच्या हाती आहे.

औषधांविषयी सांगायचे तर आतापर्यंत घाव घातला गेला आहे तो या संकुलांतील विकरांवर. एचडीएसी रोखणाऱ्या व्होरिनोस्टॅटला अमेरिकेत २००६ मध्ये त्वचेतील टी-पेशींच्या लिम्फोमासाठी मान्यता मिळाली, आणि पीआरसी२ मधील ईझेडएच२ रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅटला २०२० मध्ये एपिथेलिऑइड सार्कोमासाठी. विकराला रसायन बसण्याजोगी खोल खाच असते, म्हणून ते तुलनेने सोपे जाते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात मात्र थेट आरबीबीपी४ चा संबंध २०१६ मध्ये दिसला. या पेशींत ते पी३०० या अ‍ॅसिटिल गट लावणाऱ्या विकराच्या साथीने एमजीएमटी आणि आरएडी५१ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांना चालू ठेवते, आणि त्याचे प्रमाण कमी केले की टेमोझोलोमाइड या नेहमीच्या औषधाचा परिणाम वाढतो. इथे ते मिटवणाऱ्यांच्या नव्हे, चालू करणाऱ्यांच्या बाजूला उभे आहे, हे ध्यानात घ्यावे.

पूर्ण प्रथिनच रोखणाऱ्या औषधाबद्दल मला धास्ती वाटते. डीएनएची नक्कल करणाऱ्या प्रत्येक निरोगी पेशीला सीएएफ-१ लागते. गव्हाळ यांनी सांगितलेल्या दोन पकडींपैकी एकीलाच रोखता आले तर गोष्ट वेगळी असेल.

मोगरा७१

एक शेवटचा प्रश्न. चालण्याने हाडांतून काही द्रव्य सुटते आणि ते याच प्रथिनाला मदत करते, असेही त्या संदेशात लिहिले होते. हे खरे आहे का?

शमी

त्यामागे कँडेल यांच्याच गटाचा २०१८ चा अभ्यास आहे. हाडांत बनणारे ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन उंदरांच्या मेंदूत जीपीआर१५८ या ग्राहीमार्फत स्मृतीला साहाय्य करते, आणि डेंटेट जायरसमध्ये आरबीएपी४८ अडवले तर ऑस्टिओकॅल्सिन देऊनही तो फायदा दिसत नाही, असे त्यात आढळले. हे सर्व उंदरांत आहे. शिवाय ऑस्टिओकॅल्सिन हे संप्रेरकासारखे काम करते या कल्पनेलाच धक्का देणारे निष्कर्ष २०२० मध्ये आले, कारण ते प्रथिन नसलेल्या नव्या उंदरांत साखरेच्या चयापचयावर अपेक्षित परिणाम दिसला नाही. स्मृतीचा प्रश्न त्याने निकालात निघाला असे नाही, पण सावध राहावे लागते. आईंना चालायला अवश्य न्या. त्यासाठी या प्रथिनाचा आधार लागत नाही.

गव्हाळ

शमी, मूळ लेखात एक भर घालाल का? तुम्ही आरबीबीपी४ आणि त्याचे जुळे यांचा एकत्र उल्लेख केला आहे. एचएटी१ या विकरासोबत, जे नव्या एच४ वर केंद्रकात जाण्याआधी अ‍ॅसिटिल गट लावते, आरबीबीपी७ जाते, आणि सीएएफ-१ मध्ये आरबीबीपी४ असते. क्रमात ९० टक्के साम्य असूनही ही वाटणी पाळली जाते, म्हणून ती नोंदवली पाहिजे.

शमी

बरोबर आहे. संपादनाची मुदत संपली असल्याने ही भर मूळ लेखात घालता येत नाही, म्हणून इथेच नोंदवते. नव्या एच४ वर ५व्या आणि १२व्या लायसिनवर अ‍ॅसिटिल गट लागतात तेव्हा एचएटी१ च्या शेजारी आरबीबीपी७ असते, आणि तोच हिस्टोन पुढे डीएनएच्या नकलेपाशी पोहोचतो तेव्हा सीएएफ-१ मधील आरबीबीपी४ त्याची वाट पाहत असते.